तो एक तास आणायचा कुठून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. हॉल दुसऱ्या मजल्यावर. आमची एक जुनी सहकारी, वीस वर्षं वस्तीत काम केलेली, कुठल्याही मोर्चात पहिल्या रांगेत असणारी, जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबली. "तुम्ही व्हा पुढे, मी येते," म्हणाली. ती वर पोचली तेव्हा पहिलं सत्र निम्मं होऊन गेलं होतं.

रात्री अंथरुणं घातल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तात साखर वाढल्याचं सांगितलं, गुडघेही बोलायला लागले होते. मग तिने एका स्लिमिंग सेंटरमध्ये पैसे भरले आणि सहा महिन्यांत चौदा किलो वजन उतरवलं. "आता सोळा परत आलंय. मुद्दल चौदा, व्याज दोन," ती म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो. मग ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, तुम्ही म्हणाल, हिला आता या वयात बारीक व्हायचंय."

तिच्या त्या वाक्याने माझी झोप उडाली. ज्या गटात नवऱ्याचा मार सांगता येतो, न सांगता केलेला गर्भपात सांगता येतो, पाळीपासून पाळी जाण्यापर्यंत सगळं बोलता येतं, तिथे एका कार्यकर्तीला आपलं वजन सांगता येऊ नये? हा दोष तिचा नाही. आपल्या चळवळीने या विषयाभोवती जी शांतता राखली आहे, तिचा आहे. त्या शांततेबद्दलच मला बोलायचं आहे.

आपण गप्प का राहिलो?

कारणं आहेत आणि ती चुकीची नव्हती. १९९६ साली बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली तेव्हा देशभरातल्या स्त्री-संघटनांनी तिला विरोध केला. संस्कृतिरक्षकांचा विरोध वेगळा होता, आपला वेगळा. बाईचं शरीर मापात बसवून विकायला ठेवणाऱ्या बाजाराला आपण विरोध करत होतो. त्याआधी १९७८ मध्येच ब्रिटनमधल्या सूझी ऑरबाख यांनी 'फॅट इज अ फेमिनिस्ट इश्यू' हे पुस्तक लिहून लठ्ठपणाचा प्रश्न स्त्रीमुक्तीच्या चर्चेत आणला होता आणि डाएटचा ध्यास हाच बायकांना अडकवणारा सापळा आहे, असं मांडलं होतं. 'सडपातळ वधू पाहिजे' या जाहिरातींची आपण पथनाट्यांतून टर उडवली. मुलींना सांगितलं, तुझं शरीर तुझं आहे, ते जसं आहे तसं चांगलं आहे. हे सांगणं गरजेचंच होतं आणि आजही आहे.

पण हे सांगताना एक गोष्ट निसटली. वजनाचा संबंध फक्त आरशाशी नसतो. तो गुडघ्याशी असतो, रक्तदाबाशी असतो, साखरेशी असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे १९ जणींचं वजन हवं त्यापेक्षा कमी आहे आणि २४ जणींचं जास्त. शहरात जास्त वजनाच्या ३३, खेड्यात जवळपास २०. आणि याच शंभर जणींपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे 'उपाशी बाई' आणि 'लठ्ठ बाई' अशा दोन वेगळ्या बायका नेहमी नसतातच. पोटभर खाऊनही जिच्या रक्तात लोह नाही, अशी बाई एकाच वेळी जाडही आहे आणि कुपोषितही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली, तेव्हा दिसलं की आपली बाळं वजनाने कमी भरतात, त्यांचे स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानाने राखलेली असते. दिसायला बारीक, आतून मेदाकडे झुकलेली. अशा शरीरात पुढे मधुमेहाचा धोका लवकर येतो. म्हणूनच आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की डॉक्टर सावध करतात. आईच्या ताटात जे पडलं नाही, त्याचा हिशेब लेकीच्या कमरेवर निघतो. तेव्हा 'खाते फार, हलत नाही' असं कुणा बाईला म्हणण्याआधी दोन पिढ्या मागे जाऊन पाहायला हवं.

उतरवणं वेगळं, टिकवणं वेगळं

आमच्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत होती? वजन परत आल्याची. "माझ्यातच निग्रह नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. इथे विज्ञान तिच्या बाजूने आहे आणि ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं होतं. वजन उतरलं. वर्षभराने पाहिलं, तर त्यातलं काही परतही आलं होतं, आणि तरीही त्यांच्या रक्तातली भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती, पोट भरल्याचं सांगणारी उतरलेलीच होती. म्हणजे डाएट संपून वर्ष झालं तरी शरीर अजून 'दुष्काळ आहे, खा' असंच ओरडत होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं. तेरा जणांचं वजन थोडंफार किंवा बरंच परत आलं होतं, चौघे तर पहिल्यापेक्षा जड झाले होते. त्यांच्या मापाच्या शरीराने विसावलेल्या अवस्थेत जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च होत होते. चार-पाच पोळ्यांइतके! शरीराने काटकसर शिकून घेतली होती आणि ती सोडायला ते तयार नव्हतं.

आता सांगा, यात 'निग्रह' किती पुरणार? बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे. वजन परत आलं की गिऱ्हाईक परत येतं. शिवाय प्रत्येक वेळी ते अपराधी चेहऱ्याने येतं, त्यामुळे भांडत नाही, पैसे परत मागत नाही. आमच्या मैत्रिणीने त्या सेंटरमध्ये विचारलं होतं, "सहा महिन्यांनंतर काय?" तिला उत्तर मिळालं, "मेंटेनन्सचं वेगळं पॅकेज आहे."

टिकवणारे काय करतात?

मग कुणाचंच टिकत नाही का? टिकतं. अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या दोन संशोधकांनी एक नोंदवही सुरू केली. निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष टिकवलेल्या माणसांनी तिच्यात नाव नोंदवायचं आणि आपण काय करतो ते सांगत राहायचं. दहा हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, त्यात सुमारे ८० टक्के बायका. त्यांनी वजन वेगवेगळ्या रीतीने उतरवलं होतं, पण ते टिकवण्याच्या सवयी बऱ्याच सारख्या निघाल्या. ९० टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करत होते, बहुतेकांचा व्यायाम म्हणजे साधं चालणं. ७८ टक्के रोज न्याहारी करत होते. ७५ टक्के आठवड्यातून निदान एकदा वजन करत होते. ६२ टक्के आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी टीव्ही पाहत होते. रोजचं खाणं आणि सुट्टीचं, सणाचं खाणं यांत फार तफावत न ठेवणाऱ्यांचं वजन जास्त चांगलं टिकत होतं.

या नोंदवहीला मर्यादा आहेत. ही माणसं स्वतःहून पुढे आलेली, बहुतेक गोरी, शिकलेली. या सवयींमुळेच वजन टिकलं, हे त्यातून काटेकोरपणे सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट नक्की दिसते. यात चमत्कार काही नाही, कुठली पावडर नाही, कुठला पट्टा नाही. कुणी म्हणतं दिवसातून दोनदाच जेवा, कुणी म्हणतं दर दोन तासांनी खा, यावर आपल्याकडे घराघरांत वाद होतात. टिकवणाऱ्यांच्या सवयी मात्र अगदी घरगुती आहेत. त्या वाचल्या की वाटतं, हे काय, हे तर कुणालाही जमेल.

खरंच कुणालाही?

सवयी घरात आणून पाहू

पहिली सवय, तासभर चालणं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषांची ८८. घरातल्यांची काळजी घेण्यात बाईची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. यात नोकरीचे, मजुरीचे तास धरलेलेच नाहीत. सकाळी साडेपाचला उठून पाणी, डबे, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं उरकून आठ-सतराची लोकल पकडणाऱ्या बाईला तुम्ही म्हणता, रोज तासभर चाला. तिने तो तास आणायचा कुठून? झोपेतून? बहुतेक जणी तिथूनच आणतात. आणि कमी झोपेने भूक वाढते, वजन चढतं, हेही आता अभ्यासांतून पुढे आलं आहे.

"पण घरकाम हाच बायकांचा व्यायाम नाही का?" हा प्रश्न पुरुष विचारतातच. शेतमजुरी करणाऱ्या, डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईला व्यायाम शिकवायला कुणी जाऊ नये. तिला विश्रांती हवी आहे आणि ताटात डाळ हवी आहे. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहून पोळ्या लाटण्याने पाय सुजतात, कंबर धरते. छातीचा भाता हलत नाही आणि मनही मोकळं होत नाही. चालायला निघालेली बाई त्या वेळापुरती कुणाची कुणी नसते. घरकामात ते मिळत नाही.

आणि वेळ मिळाला तरी रस्ता? फूटपाथवर गाड्या, चौकात टोळकी, गल्लीत दिवे बंद. खेड्यातल्या सुनेने काहीच निमित्त नसताना नुसतं चालायला जायचं म्हणजे गावभर चर्चा. हातात पिशवी असली तर ती कामाला निघालेली, पिशवी नसली तर ती 'उंडारायला' निघालेली.

दुसरी सवय, न्याहारी आणि वेळेवर जेवण. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत बाई शेवटी जेवते. सकाळी चहावर निघते, अकराला चहा, दुपारी तीनला जे उरलं ते. मग उरलेलं 'टाकवत नाही' म्हणून खायचं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, कालचा भात, पातेल्यात चिकटलेली भाजी. घरातली कचरापेटी होण्याचं काम बाईच्या पोटाने करायचं! डाएटच्या तक्त्यात 'उरलेलं अन्न' हा रकाना कुठेच नसतो. बाईच्या दिवसात तो असतोच.

तिसरी, रोजचं आणि सणाचं खाणं यात फार फरक न करणं. आता आपल्या उपवासांची यादी करा. वटपौर्णिमा, हरितालिका, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी, एकादशी. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलाच्या परीक्षेसाठी उपाशी राहायचं ते बाईनेच. आणि त्या दिवशी तिने खायचं काय, तर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, बटाटा, तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपणच म्हणतो. उपास, मग भरपेट खाणं, मग पुन्हा उपास, हा डाएटचा झोका आपल्याला स्लिमिंग सेंटरने शिकवलेला नाही. तो आपल्या घरचाच आहे.

चौथी, आपल्यासाठी म्हणून काही वेगळं शिजवणं. इथे मला एक गोष्ट फार पाहायला मिळते. नवऱ्याला साखर निघाली की घरातला सगळा चहा बिनसाखरेचा होतो, भाजीतलं तेल कमी होतं, कारल्याचा रस निघतो. बायकोला निघाली तर ती स्वतःचा चहा आधी गाळून बाजूला ठेवते. घरातलं बाकी काही बदलत नाही. रात्री मुलं मागतात म्हणून भजी तळते आणि तव्यापाशी उभी राहून पहिला घास 'मीठ बघायला' म्हणून तीच खाते.

पाचवी, वजन करणं. बायकांना काटा म्हटलं की भीती वाटते आणि तिला कारण आहे. लग्नाच्या बाजारात, बाळंतपणानंतर, नातेवाइकांच्या समारंभात 'किती सुटलीस' हे ऐकून ऐकून काटा म्हणजे तोंडावर मारलेली चपराक वाटते. पण टिकवणाऱ्यांनी काटा वापरला तो बचत गटाच्या पासबुकासारखा. महिन्याला किलोभर चढलं, तर लवकर लक्षात येतं, थोडं सावरता येतं. चौदा किलो एका रात्रीत परत येत नाहीत. पण बघायचं टाळलं की ते एका रात्रीत आल्यासारखे वाटतात.

थोडक्यात, या सवयी म्हणून ज्या सांगितल्या जातात, त्यांच्या मुळाशी काय आहे? स्वतःचा वेळ, स्वतःचं गरम ताट, सुरक्षित रस्ता, झोप आणि आपल्या शरीराकडे लाज न बाळगता पाहण्याची मुभा. या तर आपल्या चळवळीच्या मागण्या आहेत! इतकी वर्षं आपण त्या मागत आलो आणि त्यांचा संबंध गुडघ्याशी, साखरेशी जोडायचा राहिला.

मैत्रिणींचा गट आणि कंपनी

यातली एक जुनी गोष्ट आपण ऐकून ठेवावी अशी आहे. १९६१ साली न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची एक गृहिणी होती. वजन कमी करायचा सरकारी दवाखान्याचा आहार तिला एकटीला पाळवेना. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि आपण लपूनछपून काय खातो ते मोकळेपणी सांगितलं. त्यांनीही सांगितलं. दर आठवड्याला बैठक होऊ लागली, बायका वाढत गेल्या. १९६३ मध्ये त्याची 'वेट वॉचर्स' कंपनी झाली, १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने ती विकत घेतली आणि २०२५ च्या मे महिन्यात तिने कर्ज झेपेना म्हणून दिवाळखोरीचा अर्ज केला. बायकांनी एकमेकींना दिलेला आधार हाच तिचा पाया होता. तो विकत देता देता कंपनी मोठी झाली.

२०२५ मध्येच आपल्याकडे वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली. आली तेव्हा महिन्याचा खर्च साधारण चौदा हजार रुपयांपासून पुढे होता. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेण्यात लाज काहीच नाही, साखरेची गोळी घेतोच ना आपण? पण त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात असं दिसलं, की ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे औषध घेतलं तरी टिकवण्याचा प्रश्न शिल्लक राहतोच.

टिकवायला काय उपयोगी पडतं, याचं उत्तर मला तरी जीन नायडेचच्या बैठकीत दिसतं. याच रीना विंग यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन उतरवलेल्या ३१४ जणांचे तीन गट केले, त्यात बहुतेक बायकाच होत्या. एका गटाला फक्त माहितीची पत्रकं पाठवली, दुसऱ्याला इंटरनेटवरून मार्गदर्शन दिलं, तिसरा गट आधी दर आठवड्याला आणि मग महिन्यातून एकदा समोरासमोर भेटत राहिला. रोज वजन करायचं, दीड किलोच्या आत चढउतार असेल तर हिरवा रंग, थोडं जास्त झालं तर पिवळा, सव्वादोन किलोच्या पुढे गेलं तर लाल आणि लाल आला की गटाची मदत घ्यायची. दीड वर्षाने पाहिलं, तर पत्रकं मिळालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं सव्वादोन किलो किंवा त्याहून जास्त वजन परत आलं होतं, इंटरनेटवाल्यांत ५५ टक्क्यांचं आणि भेटणाऱ्या गटात ४६ टक्क्यांचं. सगळ्यांचं टिकलं नाही, हे खरं. पण महिन्यातून एकदा एकत्र बसण्याने एवढा फरक पडला.

महिन्यातून एकदा समोरासमोर भेटणाऱ्या बायका! अशा बैठका महाराष्ट्रात जेवढ्या भरतात, तेवढ्या क्वचित कुठे भरत असतील. बचत गट आहेत, महिला मंडळं आहेत, आपले वस्तीगट आहेत. आपल्याला नवीन काही उभारायचं नाही, आहे त्या बैठकीत हा विषय आणायचा आहे.

काय करता येईल?

सुरुवात आपल्यापासूनच करू. आपली शिबिरं आठवा. सकाळी शिरा किंवा पोहे, अकराला चहा-बिस्किटं, दुपारी पुरी-बटाटा भाजी-भात, चारला पुन्हा चहा आणि रात्री दहापर्यंत एका जागी बसून पितृसत्तेवर चर्चा. वस्तीत गेलं की दर घरी दोन चमचे साखरेचा चहा, नाही म्हणावं तर माणूस दुखावतं. दिवसाला आठ कप होतात. परतीच्या वाटेवर एसटी स्टँडवर वडापाव. आपण दुसऱ्यांच्या आरोग्यावर पत्रकं काढतो आणि कार्यकर्तीच्या आरोग्याला कामाचा भाग मानत नाही. जेवण वेळेवर, दर दीड तासाने उठून चालणं, ताटात उसळ आणि भाकरी, चहाची साखर वेगळी आणि सभा शक्यतो तळमजल्यावर, एवढं तरी आपल्या हातात आहे.

वस्तीत आणि गावात दिव्यांची, फूटपाथची, शाळेचं मैदान ठरावीक वेळ बायकांसाठी उघडं ठेवण्याची मागणी लावून धरता येईल. चार जणी मिळून चालल्या की टोळकी गप्प बसतात, सासवाही फार बोलत नाहीत. बहुतेक ठिकाणी रेशनवर गहू-तांदूळच मिळतो. ज्वारी-बाजरी, डाळ रेशनवर मागणं हाही वजनाच्याच प्रश्नाचा भाग आहे.

आणि घरात? घरात तो तास मागावा लागेल. सकाळचे डबे आठवड्यातून तीन दिवस दुसरं कुणी भरेल, हे भांडून ठरवावं लागेल. ही मागणी क्षुल्लक वाटते, म्हणून ती करायला जास्त धैर्य लागतं.

सुरुवात तासापासूनच झाली पाहिजे असंही नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं आणि सात टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. सत्तर किलोच्या बाईला पाच किलो. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे बऱ्याच जणांचं वजन पुन्हा चढलं, तरी दहा वर्षांनंतरही त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच होतं. आपल्या चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे लोकांचं वजन फारसं उतरलंच नाही, पण चालण्याने आणि खाण्यातल्या बदलाने मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलं. म्हणजे काटा हलला नाही तरी सवय वाया जात नाही. आमच्या मैत्रिणीला हे आधी कळलं असतं, तर सोळा किलो परत आल्यावर तिने चालणंही सोडून दिलं नसतं.

एक भीती, आणि काही पथ्यं

काही मैत्रिणी म्हणतील, असं करत करत आपणच बारीक होण्याच्या बाजाराचे दलाल होणार नाही का? भीती रास्त आहे. म्हणून काही पथ्यं आधीच ठरवू. गटात कुणाचं वजन मोठ्याने वाचायचं नाही. 'आधी आणि नंतर'चे फोटो नाहीत, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. 'बारीक झालीस, छान दिसतेस' असं म्हणायचं नाही. काही न करता कुणाचं वजन उतरत असेल, तर अभिनंदन करण्याऐवजी तिला दवाखान्यात न्यायचं, तो क्षय असू शकतो, साखर असू शकते, मनातलं दुःख असू शकतं. जिचं वजन कमी आहे तिच्या ताटाची चर्चाही याच बैठकीत व्हायची. आणि जिला या विषयावर बोलायचंच नाही, जी आहे त्या शरीरात सुखी आहे, तिला कुणी उपदेश करायचा नाही. जाड बाईही पूर्ण बाई आहे, हे वाक्य आपण मागे घ्यायचं नाही. त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवायचं, की जिना चढताना दम लागू नये असं वाटण्याचा तिलाही हक्क आहे.

आमच्या गटाने त्या शिबिरानंतर फार मोठं काही केलेलं नाही. बैठकीची जागा तळमजल्यावर आणली. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला पाच जणी चालतो, अर्धा तास. दोघींच्या घरी त्यावरून कुरबुर झाली, एकीच्या नवऱ्याने आता कुकर लावायला घेतला आहे. आमची मैत्रीण येते. वजन किती, ते तिला आम्ही विचारत नाही. कधी वाटलं तर ती आपणहून सांगते.

तुमच्या गटात हा विषय निघतो का? निघत नसेल तर का, आणि निघाला तर काय झालं, ते जरूर लिहून कळवा.